उडदाचा दाणा

"मॅडम, पांढरीच्या घरट्यात एक काळं हाय."

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या सकाळची ही गोष्ट. मी खांद्यावरची पर्ससुद्धा अजून खाली ठेवली नव्हती. प्रयोगशाळेच्या मागच्या दारात भिकाजी साळुंखे उभे होते आणि कुणाच्या घरी चोरी झाल्यासारख्या आवाजात बातमी सांगत होते.

"काळं कसं असेल? नीट बघितलंत का?"

"तुमीच बगा."

मागे पत्र्याच्या शेडमध्ये आमचे ससे होते. एक पांढरी जोडी, एक काळी. नर-मादी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवायला लागून मला दुसरं वर्ष होतं. वय सव्वीस, अंगात भलताच उत्साह. आनुवंशिकता पुस्तकातल्या चौकोनांतून शिकवायची नाही, डोळ्यांना दाखवायची, असं मी ठरवून टाकलं होतं. प्राचार्यांच्या मागे तीन महिने भुणभुण लावली तेव्हा कुठे हे ससे आले. बाकी सगळ्यांनी नाकं मुरडली. प्रयोगशाळेचे शिपाई साळुंखे तेवढे सशांच्या प्रेमात पडले.

साळुंख्यांनी पिंजऱ्याचं दार उघडून दोन बोटांनी घरट्यातली लव बाजूला केली. सशीण व्यायच्या आधी स्वतःच्या अंगाचे केस उपटून पिल्लांना मऊ गादी करते. त्या गादीत पिल्लं एकमेकांना चिकटून निजली होती. दहा-बारा दिवसांची असावीत. पाच पांढरी. आणि मधोमध एक कोळशाच्या खड्यासारखं काळंकुळकुळीत.

"ही पांढरी, हिचा नर पांढरा," साळुंखे म्हणाले. "दोघांच्याबी मुठीत दोन-दोन तांदूळ. मंग ह्यो उडीद आला कुठनं?"

हे मुठीचं आणि दाण्यांचं प्रकरण माझंच. इंग्रजी अक्षरांनी मुलांचा गोंधळ व्हायचा, म्हणून मी उडीद आणि तांदूळ आणले होते. प्रत्येक सशाच्या मुठीत दोन दाणे, एक आईने दिलेला, एक बापाने दिलेला. मुठीत एक जरी उडीद असला तरी ससा काळा. पांढरा व्हायचा तर दोन्ही तांदूळच हवेत. काळ्या सशाच्या मुठीत दोन उडीद आहेत की एक उडीद, एक तांदूळ, हे बाहेरून कळत नाही. ते पिल्लं सांगतात.

मुलांच्या आधी ते साळुंख्यांना कळलं. सातवी शिकलेला माणूस, पण डोकं असं की मला कधीकधी वाईट वाटायचं. उन्हाळ्यात काळ्या जोडीला सात पिल्लं झाली, त्यांत दोन पांढरी. साळुंखे वर्ग चालू असताना धावत आले होते. "मॅडम, दोघंबी लबाड! काळ्याच्या मुठीत एक तांदूळ लपलाय आनि काळीच्याबी!" सगळ्या वर्गासमोर मी त्यांची पाठ थोपटली होती. पिल्लावरून आई-बापांच्या मुठी उघडायच्या, हाच तर सगळा खेळ. त्यांना त्याचं वेडच लागलं.

आता मी त्या काळ्या पिल्लाकडे बघून हसले. "सोपं आहे. ह्याचा बाप दुसरा."

"दुसरा?"

"काळा नर. दीड महिन्यापूर्वी कधीतरी तो हिच्या पिंजऱ्यात शिरला असणार. पाच पिल्लं पांढऱ्याची, एक काळ्याचं. सशांत होतं तसं."

"शिरंल कसा? कुलपाची किल्ली माज्यापाशी अस्ती."

"रोज?"

साळुंख्यांनी कुलूप हातात फिरवलं. "आयतवारी हौसा येती वैरन टाकायला. आनि सुट्टीत मी पोरांबरूबर कॅम्पला गेल्तो, तवा धा दीस तीच बगत व्हती."

"मग त्यांनाच विचारा. दीड महिन्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी दार उघडं राहिलं असेल."

"हौसा अशी न्हाई, मॅडम. दार ती दोनदा वढून बगती."

"त्या नाही म्हणतीलही," मी ऐटीत म्हणाले, "पण दाणे खोटं बोलत नाहीत, साळुंखे."

अशी वाक्यं मला तेव्हा फार आवडायची.

हौसाबाई त्यांची बायको. कॉलेजच्या आवारातच कोपऱ्यात शिपायांच्या दोन खोल्या होत्या, त्यांतल्या एकीत हे कुटुंब राहायचं. दुपारी साळुंख्यांचा डबा घेऊन हौसाबाई यायच्या, सोबत पाच वर्षांची सगुणा. नवरा-बायको दोघेही घाऱ्या डोळ्यांचे, अगदी मांजरासारख्या. लग्नात लोक म्हणाले होते म्हणे, देवाने जोडा जुळवूनच पाठवलाय. मी त्यांना पहिल्यांदा एकत्र पाहिलं तेव्हा मागचापुढचा विचार न करता बोलून गेले होते, "अगं बाई! आई-बाप दोघे घारे, आणि ही काळ्याभोर डोळ्यांची कुणावर गेली?"

हौसाबाईंचा डबा उघडणारा हात थांबला होता. "माज्या भनीवर," त्या पटकन म्हणाल्या. "कमळीवर गेलीया."

साळुंखे हसले होते. मीही हसले होते. विषय तिथेच संपला असं मी धरून चालले.

सगुणा शाळेत जायच्या आधीच सशांच्या शाळेत दाखल झाली होती. पिल्लांची नावं ठेवणं हे तिचं काम. पांढऱ्या पाचांना तिने भराभर नावं दिली आणि काळ्याचं नाव ठेवलं बुक्क्या. बाकीची पिल्लं ती नुसती बघायची. बुक्क्याला मात्र ओच्यात घेऊन बसायची.

चार-पाच दिवसांनी मी काचपट्ट्या धूत होते. साळुंखे मागे टेबल पुसत होते.

"हौसाला इचारलं," ते म्हणाले. "दार उघडलं न्हाई म्हनती. पर काय तरी लपवती, मॅडम. नजर देत न्हाई."

"जाऊ द्या हो. एका पिल्लाचं काय एवढं?"

ते टेबल पुसत राहिले. मग फडकं पिळत म्हणाले, "मान्साचंबी असंच अस्तंय का?"

"असंच असतं की," मी पाठमोरीच म्हणाले. पुस्तकातलं उदाहरण तोंडपाठ होतं. "डोळ्यांचा रंग घ्या. घारे डोळे म्हणजे दोन तांदूळ. काळे म्हणजे निदान एक तरी उडीद. दोघे घारे असले तर मूल..."

आणि मी वळले. समोर ते दोन घारे डोळे माझ्यावर रोखलेले होते.

"म्हणजे, तसं अगदी नाही," मी सावरायला लागले. "माणसांचं जरा गुंतागुंतीचं असतं."

"कसं गुंतागुंतीचं?"

मला सांगता येईना. आज कुठलंही पुस्तक उघडलं तर सापडतं की डोळ्यांचा रंग एका जोडीवर ठरत नाही, दोन घाऱ्या माणसांच्या पोटी काळ्या डोळ्यांचं मूल येऊ शकतं. पण माझ्या पुस्तकात ते नव्हतं. मी ते वाचलं त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी, आणि वाचल्यावर पुस्तक मिटून ठेवलं. त्या दिवशी मी समजत होते की मी त्यांना बरं वाटावं म्हणून खोटं बोलतेय, आणि मला खोटं बोलण्याची सवय नव्हती.

"तुमी हातचं राखून सांगताय, मॅडम," साळुंखे शांतपणे म्हणाले. फडकं खिळ्याला अडकवून ते बाहेर गेले.

तिथून पुढे कॉलेजातलं वातावरण काही बदललं नाही, आणि तरी मला रोज सकाळी शेडकडे जाताना धास्ती वाटायला लागली. साळुंख्यांनी कामात कसूर केली नाही. उलट पिंजरे आरशासारखे लख्ख. पण ते मुलांना थांबवून विचारायचे, तुझ्या आईचे डोळे कसे, बापाचे कसे, चुलत्याचे कसे. खिशातल्या वहीत लिहून घ्यायचे. मुलं हसायची. एका रविवारी ते गावी जाऊन म्हाताऱ्या आत्याला आज्या-पणज्यांचे डोळे विचारून आले. सगळे घारे, असं त्यांनी मला येऊन सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं.

सगुणा डब्याबरोबर यायची थांबली. मग एक दिवस आली ती शेडच्या बाहेरच, जाळीला नाक लावून उभी.

"आत ये ना," मी म्हणाले. "बुक्क्या वाट बघतोय."

"आबा नगं म्हनलं. शिवायचं न्हाई म्हनलं."

"का?"

तिने खांदे उडवले. तिला ठाऊक नव्हतं.

प्रत्येक पिंजऱ्यावर आम्ही एक कार्ड लावत असू. बुक्क्याच्या कार्डावर साळुंख्यांनी डिंकाने दाणे चिकटवले होते. आईच्या जागी दोन तांदूळ. पिल्लाच्या जागी एक उडीद, एक तांदूळ. बापाच्या जागी काहीच नाही, नुसता डिंकाचा वाळलेला डाग.

आणि मग टीपकागद शोधायला मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला. आत कागदाच्या चार पुड्या होत्या, अंगाऱ्याच्या असतात तशा. वर पेन्सिलने नावं. भिकाजी. हौसा. सगुणा. चौथीवर नाव नव्हतं. मी उघडायला नको होत्या, पण उघडल्या. भिकाजी, दोन तांदूळ. हौसा, दोन तांदूळ. सगुणा, एक तांदूळ आणि एक उडीद. चौथी पुडी रिकामी होती.

मी स्टुलावर बसले ती किती वेळ उठलेच नाही. आमच्या आजोळी उडीद उतरून टाकत, कुणाची दृष्ट लागली, कुणी काही केलं असं वाटलं की. मी तेव्हा त्याला हसायची. त्या दिवशी त्या एका दाण्याला हात लावायचं धाडस मला झालं नाही.

साळुंखे टपाल घेऊन बाहेर गेले तशी मी तडक त्यांच्या खोलीवर गेले. हौसाबाई दारात ज्वारी निवडत होत्या. डोळे सुजलेले. मला बघून त्यांनी पदर सारखा केला.

"बसा मॅडम."

"हौसाबाई, घरात काय चाललंय?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. सगुणा आत निजली होती, तिच्याकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आठ दीस झालं, पोरीला जवळ घेत न्हाईत. ती ताटावर बसली की उठून जात्यात. काल म्हनलं, जेची हाय तेच्याकडं सोडून ये, न्हाईतर तूबी जा. मी काय केलं नाय वो, मॅडम. देवाशपत काय केलं नाय."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. खरं तर माहीत काहीच नव्हतं. मला माहीत असलेलं शास्त्र उलटच सांगत होतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून शास्त्र बाजूला ठेवावंसं वाटलं. "मला एवढंच सांगा, ते काळं पिल्लू कुठून आलं? तुम्ही काहीतरी लपवताय असं त्यांच्या मनात बसलंय. तिथूनच हे सगळं सुरू झालं."

हौसाबाई जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिल्या.

"तुम्ही दार उघडं टाकलं होतं का?"

"न्हाई."

"मग?"

"हे कॅम्पला गेल्ते तवा," त्या म्हणाल्या, "दोघीबी येकाच रातीत याल्या. काळीला नऊ झाली. सकाळी बगते तर येक पिल्लू भाईर पडल्यालं. पार गार. काळी त्याला घेईना. पदरात धरलं, चुलीम्होरं बसले, तवा कुठं हाललं. पुन्ना काळीच्यात ठिवलं तर तिनं ढकलून दिलं. पांढरीला पाचच व्हती. मंग तिच्या घरट्यात लव चोळून ठिवलं त्याला. तिनं पाजलं. तिला काय कळतंय, कुनाचं हाय ते."

मग मला हसूच फुटलं, सुटल्यासारखं. म्हणजे कुलूप नीट होतं, काळा नर जागचा हलला नव्हता, पांढरीही प्रामाणिक होती. बुक्क्या तिचा नव्हताच. मी कोष्टक मांडताना आईची जागा आधीच भरून टाकली होती. घरट्यात सापडलं म्हणजे तिचंच, आणि मग शोधायचा तो फक्त बाप. एम.एस्सी.ला पहिली आलेली मी, आणि एवढं साधं सुचलं नाही.

"अहो, मग सांगितलं का नाहीत? तुम्ही तर पिल्लू जगवलंत! मी आत्ताच्या आत्ता साळुंख्यांना सांगते. सगळा संशय निघून जाईल त्यांचा."

हौसाबाईंनी एकदम माझा हात धरला. निवडलेली ज्वारी सांडली.

"नगं मॅडम. ते नका सांगू."

"का?"

"नका सांगू. दार उघडं ऱ्हायलं म्हना. माजी चूक झाली म्हना. काळा नर घुसला म्हना. काय बी म्हना. पर पिल्लू उचलून ठिवलं ह्ये सांगू नका."

"अहो, पण त्यात चूक काय?"

"तुमच्या पाया पडते."

मला वाटलं, नवरा रागावेल म्हणून घाबरल्या आहेत. खेड्यातल्या बाईला नवऱ्याची भीती, एवढाच अर्थ मला लागला. मी त्यांचा हात थोपटला आणि काही वचन न देता उठले. वचन दिलं नाही हे बरं झालं असं त्या दुपारी मला वाटलंसुद्धा.

चार वाजता साळुंखे आले. मी त्यांना शेडमध्ये नेलं आणि बुक्क्याच्या कार्डावर बोट ठेवलं.

"साळुंखे, आपण दोघेही फसलो. ह्याची आई पांढरी नाहीच."

"आँ?"

मी सगळं सांगितलं. कॅम्प, गार पडलेलं पिल्लू, चूल, लव. उत्साहाने सांगितलं. "हौसाबाई तुमच्या भीतीने बोलल्या नाहीत. एवढंच त्या लपवत होत्या. कळलं? त्यांच्या मनात काही पाप नाही. उगाच त्या बाईचा आणि पोरीचा छळ मांडलात तुम्ही."

ते पिंजऱ्याजवळ गेले. पांढरी अंग चोरून बसली होती आणि तिच्या कुशीला सहाही पिल्लं. आता चांगली डोळे उघडलेली, कान उभे झालेली.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "आयबी दुसरी असू शकती."

"हो. आणि मला ते सुचलं नाही, बघा."

"घरट्यात हाय म्हनून तिचंच, असं न्हाई."

"नाही."

"बाळतीन झाली म्हनून..." ते बोलायचे थांबले. त्यांची बोटं एकेक करून मिटत होती, काहीतरी मोजल्यासारखी. "पैलं बाळतपन म्हायेरी. मी गेलो सव्वा म्हैन्यानं. कमळी तवा आजारी म्हनून माळ्यावर पडून व्हती. मला भेटलीबी न्हाई."

मला ते नीट ऐकूही आलं नव्हतं, की ऐकून कळलं नव्हतं, आता सांगता येत नाही. मी म्हणाले, "काय म्हणालात?"

"काय न्हाई. तुमी लई चांगलं शिकीवलं, मॅडम."

त्यांनी बुक्क्याला मानेला धरून उचललं. "हेला हेच्या आयकडं ठिवतो."

"आता नको," मी म्हणाले. "महिना होत आला. काळीला त्याचा वास ओळखीचा नाही. ती घेणार नाही."

"आय हाय न्हवं ती त्याची?" साळुंखे म्हणाले. त्यांनी काळीच्या पिंजऱ्याचं दार उघडलं आणि पिल्लू आत ठेवलं. मी काढून घ्यायला हवं होतं. पण ते इतके शांत होते, आणि घरातलं भांडण मिटलं ह्या समाधानात मी होते. काळीने नुसतं हुंगलं आणि कोपऱ्यात गेली. बघा, राहील, असं म्हणून मी वर्गावर निघून गेले.

सकाळी बुक्क्या दाराजवळ पडला होता. मान आणि कान फाडलेले. काळी आपल्या आठ पिल्लांना घेऊन पलीकडे गवत खात होती. मी त्याला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि साळुंख्यांना हाक मारली. दोनदा मारली. मग लक्षात आलं की पाणी भरलेलं नाही, वैरण टाकलेली नाही, किल्ली माझ्या टेबलावर ठेवलेली आहे. खण उघडला. पुड्या चारच होत्या, पण चौथीवर आता नाव होतं. कमळ. आत एक उडीद.

खोलीकडे धावले तर दाराला कडी. शेजारणीने सांगितलं, भल्या सकाळी सायकलवर पुढच्या नळीवर पोरीला बसवून साळुंखे गेले, पोरगी खूश होती, मावशीकडं जायचं म्हणून. हौसाबाई नळावरून आल्या, घर रिकामं बघितलं आणि कळशी तिथेच टाकून एस.टी. स्टँडकडे पळत सुटल्या.

तो दिवस आणि दुसरा दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. कुणाला विचारणार? काय विचारणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी हौसाबाई आल्या. कमरेवर सगुणा, दुसऱ्या हातात पत्र्याची ट्रंक. पाच वर्षांची पोर कमरेवर घ्यायच्या वयाची नसते, पण ती उतरायला तयार नव्हती. आत या म्हटलं तर हौसाबाई पायरीवरच बसल्या.

"इचलकरंजीला चाल्ले," त्या म्हणाल्या. "मामा हाय तितं. मागावर काम मिळंल. तुमाला सांगून जावं म्हनलं."

"काय झालं, हौसाबाई?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"माजं बाळ जल्मताच गेलं, मॅडम. त्याच आठवड्यात, त्याच खोलीत कमळी बाळतीन झाली. सतरा वर्साची, लगीन न्हाई. आयनं हिला उचललं आनि माज्या पदरात टाकलं. म्हनाली, दोघी जगताल. मी पाजलं. मलाबी कळंना वो कुनाची हाय ती. आजबी कळत न्हाई."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"कमळीचं लगीन चांगल्या घरी झालं. ल्योक हाय तिला. ह्यांनी पोरीला न्हेऊन त्यांच्या अंगनात हुबं केलं. सासूम्होरं, दिराम्होरं. म्हनले, हिची आय हितं ऱ्हाती, पोच करायला आलोय. आनि सायकल फिरवून निगून गेले. मी पोचले तवा पोरगी बांधावर बसल्याली. येकटी. सासरच्यांनी तिला भाईर काढली."

"आणि कमळ?"

हौसाबाईंनी सगुणाच्या डोक्यावरून हात फिरवला. "तिनं तरी काय करावं? तिला तितं नांदायचंय." मग माझ्याकडे बघितलं. घारे डोळे, कोरडे. "तुमाला म्हनलं व्हतं, पिल्लाचं नका सांगू."

मी मान खाली घातली. ह्या गोष्टीला आता चाळीस वर्षं होतील. साळुंखे पुन्हा कॉलेजात आले नाहीत. ते कुठे गेले हे मी विचारलं नाही. ससे मी महिन्याभरात वाटून टाकले आणि पुढची सगळी नोकरी फळ्यावरच्या चौकोनांवर काढली. उडीद-तांदळाचं उदाहरण वर्गात पुन्हा कधी दिलं नाही.

पण त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. ट्रंक मी धरली. इचलकरंजीची गाडी लागायची होती. बाकावर सगुणा आमच्या दोघींच्या मध्ये बसली, आणि इतका वेळ गप्प असलेली ती पोर एकदम म्हणाली, "बुक्क्या कुटं हाय?"

"त्याच्या आईकडे," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही.

तिने जरा विचार केला.

"ती त्याला चावली न्हाई?"

"नाही," मी म्हणाले.

सगुणाने मान हलवली, समजूत पटल्यासारखी. "मावशीबी चावली न्हाई," ती म्हणाली. "नुस्तं म्हनाली, ही माजी न्हाई."

गाडी फलाटाला लागली. हौसाबाईंनी तिला पुन्हा कमरेवर उचलून घेतलं, माझ्या हातातून ट्रंक घेतली आणि त्या चढल्या.